पिलाची शिकवणी

धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याची कथा ज्यानें ऐकली नाहीं असा मराठी माणूस विरळा. त्या कुत्र्याची निष्ठा, धर्मराजाची दया, इंद्राचा आग्रह, या सर्वांविषयीं आजवर पुष्कळ बोललें गेलें आहे. परंतु हिमालय चढून जाणाऱ्या त्या प्राण्यानें वाटेंत आपले देहधर्म कोठें उरकले, हा प्रश्न कोणा टीकाकारास पडल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. पडण्याचें कारणहि नव्हतें. ज्याच्या चहूंकडे सगळा हिमालय मोकळा पसरला आहे, त्याला जागेची वाण कसली? हा प्रश्न पडावयास मनुष्य सातव्या मजल्यावर राहात असावा लागतो, बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असावा लागतो, आणि पायाशीं दोन महिन्यांचें एक पिलूं जमीन हुंगीत गोल गोल फिरूं लागलेलें असावें लागतें. हे तिन्ही योग गेल्या वर्षीं माझ्या पत्रिकेंत एकदम जुळून आले.

आम्ही चिखलोलीस राहतों. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधल्या पट्ट्यांत हें गांव आहे. गांवाच्या नांवाचें एक लहानसें धरण, जवळची कारखान्यांची वसाहत, आणि जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां आकाशांत चढत गेलेल्या इमारती, एवढा या गांवाचा संसार. येथें रेल्वेचें नवें स्थानक मंजूर झालें, तेव्हां माझ्यासारखे पुष्कळ पांढरपेशे लोक घरें घेण्यास धांवले. गांवाच्या नांवांतच चिखल आहे, हा विचार घर घेतांना कोणी करीत नाहीं. तो पहिल्या पावसाळ्यांत आपोआप होतो.

पिलूं आणलें माझ्या मुलीनें. जात पॉमेरेनियन म्हणून सांगण्यांत आली. रंग पांढरा, आकार सोललेल्या नारळाएवढा. मुलीनें त्याचें नांव ‘बिस्किट’ असें ठेवलें. माझ्या आईला तेव्हां ब्याऐंशीवें वर्ष चालू होतें. तिनें तें नांव ऐकून न ऐकल्यासारखें केलें आणि पिलास ‘मोत्या’ म्हणावयास प्रारंभ केला. पिलूं दोन्ही नांवांस ओ देत नसे, म्हणून वाद वाढला नाहीं.

पहिल्याच भेटींत पशुवैद्यानें बजावलें, कीं लसींचा क्रम पुरा होईपर्यंत, म्हणजे पिलूं चारएक महिन्यांचें होईपर्यंत, त्याला रस्त्यावर सोडूं नये. पार्व्हो नांवाचा रोग पिलांच्या आंतड्यांना धरतो आणि पाहतां पाहतां प्राण घेतो. आजारी कुत्र्याची विष्ठा जेथें पडली त्या मातींत त्याचे विषाणू कित्येक महिने टिकतात. त्यांत पावसाळ्यांतल्या सांचलेल्या पाण्याचें भय वेगळेंच. उंदरांच्या मूत्रावाटे त्यांत लेप्टोचे जंतू मिसळतात, आणि ते कुत्र्याला बाधतात तसेच माणसालाहि बाधतात. सारांश, जें कांहीं व्हावयाचें तें घरांतच होणें प्राप्त होतें. सुक्या बाल्कनीचा एक कोपरा त्यासाठीं मुक्रर झाला. मुलीनें मागविलेलें साहित्य येण्यास आठवडा होता. तोंवर तेथें जुनीं वर्तमानपत्रें पसरावीं असें ठरलें.

वाचकहो, आमचें चुकलें तें येथेंच. लहानपणीं पिलाच्या पायांना ज्या पृष्ठभागाची संवय लागते, तोच त्याला या कामाचा पृष्ठभाग वाटूं लागतो. आम्ही त्याला ‘बाल्कनी’ शिकवीत होतों. तें ‘कागद’ शिकलें. आणि प्राध्यापकाच्या घरांत कागद कोठें नसतो? ज्या तऱ्हेच्या मासिकांतून मी आज आपणांशीं बोलत आहें, तशाच एका मासिकाचा अंक मीं आरामखुर्चीशेजारीं जमिनीवर ठेवला होता. त्यांत एका कादंबरीचें मीं केलेलें अकरा पानी परीक्षण होतें, आणि ते पान उघडेंच होतें. पिलूं आलें, त्यानें परीक्षण हुंगलें, भोंवतीं दोन प्रदक्षिणा घातल्या आणि आपला अभिप्राय नोंदविला. माझ्या टीकालेखनावर इतका तत्काळ व निःसंदिग्ध अभिप्राय यापूर्वीं कोणीं दिला नव्हता.

आज हें लिहितांना हंसूं येतें. त्या वेळीं आलें नाहीं. मीं हाताशीं होतें तें वर्तमानपत्र गुंडाळलें, पिलाच्या पाठीवर दोनदां हाणलें, मान धरून त्याचें नाक त्या ओल्या पानावर टेंकविलें, आणि वर्गांतल्या माझ्या आवाजांत ओरडलों, “लाज नाहीं वाटत? इतकं कळत नाहीं?” आई दाराशीं उभी होती. ती कांहींच बोलली नाहीं. पिलाला उचलून ती आंत गेली.

शिक्षेचा गुण दुसऱ्याच दिवशीं दिसूं लागला. घरांत कोठें थेंब आढळेना. शिस्तीविषयींचीं माझीं मतें बरोबर असल्याची ग्वाहीच ती. मीं तीं मुलीला ऐकवूनहि दाखविलीं. चौथ्या दिवशीं दिवाणखान्यांत एक दर्प येऊं लागला. शोध करतां करतां आम्ही माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशीं आलों. कपाट आणि भिंत यांमध्यें वीतभर फट होती. चार दिवसांचें सगळें तेथें सांठलें होतें.

“बाबा,” मुलगी फरशी पुसतां पुसतां म्हणाली, “घरांत करायचं नाहीं, हें त्याला कळलंच नव्हतं. तुमच्यासमोर करायचं नाहीं, एवढंच कळलं.”

त्याच कपाटांत महाभारताचे खंड आहेत. फट पुसून झाल्यावर मीं आदिपर्व काढून वाचलें. त्या महाग्रंथाच्या शेवटीं एक कुत्रा आहे हें सर्वांस ठाऊक असतें. पण आरंभींहि एक पिलूं आहे, याचें आपणांस विस्मरण होतें. जनमेजयाचें सत्र चालू असतां एक पिलूं तेथें येतें, आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. तें रडत रडत आपल्या आईकडे, देवांची कुत्री जी सरमा तिच्याकडे, जातें. सरमा येऊन जाब विचारते, कीं यानें हवि चाटला नाहीं, त्याकडे डोळा उचलून पाहिलेंहि नाहीं, मग याला मारलेंत कां? कोणापाशींच उत्तर नसतें. तेव्हां ती शाप देते, कीं तुम्हांवर अदृष्ट भय येईल. न दिसणारें, ध्यानींमनीं नसतां येणारें. माझ्या बचावासाठीं मी फार तर एवढेंच म्हणूं शकत होतों, कीं माझ्या पिलानें हवि चाटला होता. पण कागदावर करण्याचा धडा त्याला आम्हींच दिला होता.

पुढची शिकवणी आईनें आपल्या हातीं घेतली. “तुला काय रे मारून शिकवलं होतं मीं?” एवढेंच ती म्हणाली. तान्ह्या मुलाला हा धडा मराठी घरांतून कसा देतात हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. आई मोरींत पाटावर बसते, मुलाला आपल्या दोन पावलांवर टेंकून धरते आणि ओठांतून ‘शूऽऽ’ असा लांबलचक स्वर काढते. थोड्याच दिवसांत मुलाला तो स्वर पुरतो. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनाकरितां नोबेल पारितोषिक मिळालें. आणि ज्या कुत्र्यांवर त्याचे प्रयोग चालत त्यांच्याच लाळेवरून पुढें त्यानें संकेत आणि देहक्रिया यांच्या नात्याचा नियम बसविला. आमच्या आज्या-पणज्यांना तो नियम मोरींतच सांपडला होता. त्यांनीं त्यावर निबंध लिहिले नाहींत, इतकेंच.

आईचा स्वर आणि मुलीचीं पुस्तकें यांचा मिळून एक अभ्यासक्रम तयार झाला. कागद बंद झाले. कृत्रिम गवताची चटई बसविलेला एक पसरट ट्रे आला. तो पिलाच्या अंथरुणापासून व ताटलीपासून दूर मांडला, कारण आपल्या निजण्याखाण्याच्या जागेपाशीं घाण करणें कुत्र्यालाहि रुचत नाहीं. गवतासारखीं लागणारीं पायपुसणीं उचलून ठेवलीं. फिनेल बंद झालें. त्याच्या उग्र दर्पानें माणसाच्या नाकाची समजूत पटते, कुत्र्याची पटत नाहीं. जुना वास खालीं शिल्लकच असतो आणि पिलाला तेथेंच परत बोलावतो. त्याऐवजीं तो वास मुळापासून मोडणारें, एन्झाइम असलेलें द्रावण आणलें. उलट, ट्रेवर मात्र ओल्या फडक्याचा एक तुकडा मुद्दाम ठेवला, म्हणजे नव्या जागेला ओळखीचा वास यावा.

वेळापत्रकहि ठरलें. उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर दहापंधरा मिनिटांनीं, खेळून दमल्यावर आणि निजण्यापूर्वीं पिलाला उचलून गवतावर ठेवावयाचें. पिलूं जितक्या महिन्यांचें, त्याहून एखादा तास अधिक, इतकाच वेळ त्याला धरवतें असा एक ठोकताळा आहे, आणि लहान जातीच्या कुत्र्यांची पिशवीहि लहान. म्हणजे रात्रीं तीन तासांनीं कोणीतरी उठणें आलें. “मी असतेंच जागी,” आई म्हणाली. “म्हाताऱ्या माणसाला रात्र कुठली?” ती बाल्कनींत स्टुलावर बसे, ‘शूऽऽ’ करी, आणि काम होतांच त्याच क्षणीं पनीरचा एवढासा तुकडा पिलाच्या तोंडांत देई. तुकडा देण्यास थोडाहि विलंब झाला, तर आपण कशाबद्दल शाबासकी मिळविली हें पिलाला उमगत नाहीं. शिक्षेचेंहि तसेंच, मागाहून केलेल्या शिक्षेंतून त्याला एवढेंच कळतें, कीं हा माणूस केव्हां केव्हां भयंकर होतो.

सहा आठवड्यांत मोत्या तयार झाला. चुका अगदींच थांबल्या असें नव्हे. पण चूक झाली म्हणजे आपली वेळ कोठें हुकली, हें आम्ही पाहूं लागलों. मला मात्र राहून राहून माझे वर्ग आठवत. तीस वर्षें मी इंग्रजी शिकवीत आलों आहें. “इतकं कळत नाहीं?” हा प्रश्न मीं किती मुलांना विचारला असेल, याची गणती नाहीं. त्यानंतर तीं मुलें वर्गांत चुकत नसत, कारण तीं बोलतच नसत. त्यांनीं आपलें अज्ञान टाकलें नाहीं. कपाटामागें नेऊन ठेवलें.

येथवर सगळें हंसून सांगण्याजोगें आहे. श्रावणाच्या अखेरीस एका रात्रीं मला जाग आली. पाऊस थांबला होता. मोरींतून पाण्याचा बारीक आवाज येत होता. नळ मुद्दाम थोडाच उघडलेला असावा तसा. पिलानें कांहीं उद्योग केला असेल असें समजून मी उठलों. मोरींत दिवा नव्हता. बाहेरच्या उजेडांत आई खालीं बसलेली दिसली. तिच्यापुढें बादलींत तिच्या पलंगावरची चादर होती, आणि ती ती घाईघाईनें घुसळत होती. मोत्या उंबऱ्यापाशीं शांत बसला होता.

मला पाहतांच तिचे हात थांबले. “मोत्यानं केलं रे,” ती म्हणाली. “पोर आहे. त्याला ओरडूं नकोस.”

आईचा पलंग जुन्या पद्धतीचा, उंच आहे. मोत्याला त्यावर चढतां येत नसे.

माझ्या तोंडून शब्द निघेना. गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचे दोन फटके ज्याला बसले, तें पिलूं तर ते केव्हांच विसरलें होतें. पण तो आवाज, ती ‘लाज’, दाराशीं उभ्या असलेल्या आणखी एका जिवानें ऐकली होती आणि आपल्यापुरता तिचा अर्थ लावून ठेवला होता. ज्या बाईनें मला दोन पावलांवर बसवून एकदांहि न रागावतां शिकविलें, ती ब्याऐंशीव्या वर्षीं माझ्या भयानें अंधारांत चादर धूत होती. किती रात्री ती हें करीत असेल, हें मीं तेव्हां विचारलें नाहीं. पुढेंहि विचारलें नाहीं. सरमेच्या शापांतलें अदृष्ट भय माझ्यावर येईल अशी माझी कल्पना होती. तें माझ्यामुळें दुसऱ्या कोणावर आलेलें असेल, हें सुचलें नव्हतें.

“नाहीं ओरडत,” मी म्हणालों. चादरीचें एक टोंक तिच्या हातीं दिलें, दुसरें मीं धरलें, आणि दोघांनीं मिळून ती पिळली. एकटीला तिला ती पिळवत नव्हती.

दुसऱ्या दिवशीं तिला डॉक्टरांकडे नेलें. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. औषधानें आठवड्याभरांत उतार पडला. म्हातारपणीं हा विकार पुष्कळांना होतो, आणि लाजेपायीं पुष्कळजण तो अंगावर काढतात, असें डॉक्टर म्हणाले. तिच्या खोलीपासून मोरीपर्यंतच्या वाटेवर मीं एक लहानसा दिवा बसविला. तो रात्रभर जळतो.

मोत्याला आतां वर्ष उलटून गेलें. उघाडींत तो खालीं फिरावयास जातो. पावसाची झड लागली म्हणजे आपण होऊन बाल्कनींत येतो, काम उरकतो आणि बक्षिसासाठीं आईच्या तोंडाकडे पाहतो. मी तेथें असलों तर मात्र गवताच्या कडेशीं एक पाय उचलून तो घुटमळतो. कपाट मीं भिंतीला टेंकवून ठेवलें आहे, वर्तमानपत्र हातांत घेऊन त्याच्याजवळ जाणें केव्हांच सोडलें आहे. तरी एवढें घुटमळणें उरलेंच आहे. म्हणून पावसाच्या दिवशीं तो बाल्कनींत आला, कीं मी चिखलोलीच्या धरणाच्या दिशेला तोंड फिरवून उभा राहतों आणि त्याचें होईपर्यंत मागें वळून पाहात नाहीं.