बाहेरचा ड्रायव्हर

कामोठ्याला आमच्या वन-आरकेमध्ये एकच कॉम्प्युटर आहे, तोही सेकंडहँड. त्यावर लिनक्स घातले आहे. ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. थोरलीचा डिप्लोमाचा अभ्यास, धाकट्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सारे त्यावरच. 2024 मध्ये आम्ही सिस्टिम नवी केली. कर्नल 5.15 वरून 6.8 वर गेला आणि वाय-फायचे डोंगल मुके झाले. मानसरोवर स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला, फेका, नवे घ्या. नवे म्हणजे आमचे महिन्याचे दूध!

वाचकहो, कर्नल हा कॉम्प्युटरचा कारभारी आणि ड्रायव्हर हा त्याचा नि डोंगलचा दुभाष्या. दुभाष्या सी भाषेत लिहिलेला असतो. तो यंत्राच्या भाषेत उतरवणे म्हणजे कंपाइल करणे.

थोरलीने मोबाइल केबलने जोडून इंटरनेट घेतले, नव्या कर्नलच्या हेडर फाइल्स उतरवल्या, ‘मेक’ चालवले. पडदा एररनी भरला. आमच्या पोटात गोळाच आला. ती म्हणाली, खालून नाही वाचायचे, पहिली एरर शोधायची. ‘पीडीई डेटा’ नावाचे फंक्शन सापडत नव्हते. 2022 च्या 5.17 मध्ये हे नाव कॅपिटल अक्षरांतून स्मॉलमध्ये नेले गेले. काम तेच, पण सी भाषेला ही दोन निराळी नावे. नाव ओळखले नाही की कंपायलर धरून चालतो, हे फंक्शन साधा आकडा देणार. म्हणून खाली पॉइंटरबद्दल दुसरी तक्रार. पहिली मिटली की दुसरी आपसूक जाते.

तिने जुने नाव पुसले नाही. कर्नल 5.17 किंवा पुढचा असेल तर नवे नाव, नाहीतर जुनेच, अशी अट वर लिहिली. जुना कर्नल वापरणाऱ्याचेही अडू नये! हे आम्हांला फार आवडले.

पुढे एका फंक्शनला आता एक माहिती जास्त हवी होती. तेथे अंदाजाने शून्य घालून एरर गप्प करता आली असती. तिने कर्नलमधलाच दुसरा ड्रायव्हर उघडून ते फंक्शन तेथे कसे वापरले आहे ते वाचले. कर्नलमधल्या चुकीने अख्खे यंत्र बंद पडते, म्हणून घाई नको.

कर्नलचे आतले नियम केव्हाही बदलतात. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा त्यावरचा लेख कर्नलच्या कागदपत्रांतच आहे. बदल करणाराच आतल्या सर्व ड्रायव्हरांची दुरुस्ती करून देतो. बाहेर राहिलेल्याची जबाबदारी कोणावरच नाही. (गावकुसाबाहेर वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.) पण येथे आत येण्याची वाट लिहून ठेवलेली आहे: कोड नीट लिहा, पाठवा, तपासणी होऊ द्या.

रात्री अकराला ‘मेक’ एररशिवाय संपले. धाकट्याचा अर्ज त्याच रात्री गेला. आता डीकेएमएस बसवले आहे. नवा कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप कंपाइल होतो. नावे पुन्हा बदलली तर मात्र ओळी माणसालाच बदलाव्या लागतात, म्हणून आधीचा कर्नल आम्ही लगेच काढून टाकत नाही.