मालदीव : रिसॉर्टपलीकडचे बेट

मालदीव म्हटले की पाण्यावरच्या लाकडी खोल्या आठवतात आणि भाडे ऐकून माणूस गप्प बसतो. तिथे रिसॉर्ट म्हणजे बहुधा एक आख्खे बेटच, दारूही तिथेच. 2010च्या सुमारास मात्र वस्तीच्या बेटांवरही गेस्टहाउसना परवानगी मिळाली, म्हणून आमच्यासारखे कुटुंब माफुशीला राहू शकले. पाच वेळची अजान, नाश्त्याला मासा-नारळाची ‘मास हुनी’, हलालची चौकशी करायला नको. बिकिनीचा किनारा वेगळा राखलेला. इतरत्र बायका अंगभर कपड्यांत पोहतात. मीही संकोच न करता उतरले. (14व्या शतकात इथे काझी असलेल्या इब्ने बतूताने बायकांना अंग झाकायचे हुकूम दिले होते. ते चालले नाहीत, हे त्यानेच लिहून ठेवले आहे!)

स्नॉर्केलिंगला मुलांना लाइफ जॅकेट घालाच. प्रवाळावर पाय मात्र ठेवू देऊ नका. तो दगड नव्हे, जिवंत प्राणी आहे. 1998 आणि 2016 साली समुद्र तापून तो पांढरा पडला, बराच मेला. मालेची 1658ची जुमा मशीद याच प्रवाळाच्या दगडांची. त्यांवर कुराणातल्या आयती कोरलेल्या आहेत.