रिझर्व्हला लागण्याआधी

सरगूरला जवळचा विमानतळ म्हणजे म्हैसूरचा, मंडकळ्ळीचा. तिथली धावपट्टी १७४० मीटरची, त्यामुळे मोठी जेट विमानं तिथे येत नाहीत. येतात ती एटीआर-७२ जातीची, पंख्यांवर चालणारी, सत्तर-ऐंशी माणसांची. पुण्याहून आईला माझ्याकडे यायचं तर हैदराबादला उतरून याच विमानात बसावं लागतं. पहिल्यांदा यायच्या आधी तिने विचारलं, ‘‘एवढंसं ते विमान, पेट्रोल पुरतं ना गं त्याला?’’ घरात सगळे हसले. वैमानिक होण्याचं शिक्षण घेणारी माझी भाची तेवढी हसली नाही. ‘‘आजी, आम्हालाही हाच प्रश्न आधी विचारायला शिकवतात,’’ ती म्हणाली.

मी अनुवादक. इंधनाशी माझा संबंध स्कूटरपुरता. इथे जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी रिझर्व्हला लागली, की माणूस देवाचं नाव घेतो आणि पुढे जातो. रिझर्व्ह म्हणजे अडीअडचणीला वापरायचं, हा आपला अर्थ. भाचीच्या पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. तिथे इंधनाचा हिशेब वेगवेगळा मांडतात. धावपट्टीपर्यंत जायला लागणारं, प्रवासाचं, उलटा वारा लागला तर म्हणून थोडं जास्तीचं, ठरल्या जागी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं. या सगळ्याच्या खाली शेवटचा राखीव साठा. प्रवासी सेवेतल्या टर्बाइन विमानाला ३० मिनिटांचा, पिस्टन इंजिनाच्या विमानाला ४५ मिनिटांचा. उतरल्यावर हा साठा टाकीत शिल्लक दिसायला हवा. त्याला हात लावावा लागणार असं दिसलं, की ती आणीबाणी.

एवढं कशाला, असं वाटतं खरं. पण १५ नोव्हेंबर १९९३ रोजी मद्रासहून हैदराबादला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस विमान धूसर हवेमुळे तिथे उतरू शकलं नाही. त्यातच पंखांचे फ्लॅप अडकले. तशा अवस्थेत मद्रासकडे परतताना इंधन भराभर जळलं आणि विमान तिरुपतीजवळ भातशेतात उतरवावं लागलं. आतले सगळे, २६२ जण, वाचले.

हिशेब चोख असूनही मापच खोटं असेल तर? ६ ऑगस्ट २००५ रोजी इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेर्बा बेटाकडे निघालेलं ट्युनिंटर कंपनीचं विमान आईच्याच विमानाच्या जातीचं होतं, एटीआर-७२. आदल्या दिवशी त्याचं इंधन-मापक बदललं होतं. बसवलं ते मात्र धाकट्या एटीआर-४२ चं. दिसायला सारखं, खाचेत बरोबर बसणारं. पण दोन्ही विमानांच्या टाक्या वेगळ्या, त्यामुळे टाकीकडून येणारा संकेत ते वेगळ्या हिशेबाने वाचत होतं. टाक्या रिकाम्या होऊन दोन्ही इंजिनं बंद पडली, तेव्हाही ते सुमारे १८०० किलो इंधन दाखवत होतं. विमान सिसिलीत पालेर्मोजवळ समुद्रात उतरवलं गेलं. ३९ पैकी १६ जण गेले.

हा प्रकार माझ्या धंद्यात नेहमीचा आहे. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत तशीच ठेवली तर वाक्य व्याकरणात नीट बसतं, फक्त शाळेचा तुरुंग होतो. म्हणून मूळ संहिता शेजारी उघडी ठेवावी लागते. विमानात ते काम पावती करते. आधीचं शिल्लक अधिक भरलेलं, ही बेरीज मापकाशी जुळली पाहिजे. त्या विमानाचा आकडा रातोरात वाढला होता आणि तेवढं इंधन भरल्याची पावती विमानात नव्हती. तिची विचारणाही झाली. पण ती हाती न येताच विमान निघालं.

विचारलं, पण अडून बसलं नाही. मला हे जास्त ओळखीचं वाटतं. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं आव्हियांका कंपनीचं विमान खराब हवेमुळे तासाभराहून अधिक वेळ आकाशात ताटकळत ठेवलं गेलं. कप्तान स्पॅनिशमध्ये बोलत होता आणि सहवैमानिक नियंत्रकांशी इंग्रजीत. म्हणजे त्या रात्री तो दुभाषाच होता. आणीबाणी आहे असं कळव, हे कप्तानाने त्याला सांगितलं. त्याने आधी प्राधान्य मागितलं होतं, मग इंधन संपत आल्याचं सांगितलं. ‘आणीबाणी’ हा शब्द मात्र नियंत्रकांपर्यंत कधीच पोचला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले.

आता यासाठी शब्द ठरवून दिले आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१२ साली ते नियमात घातले. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही. ‘मेडे’ तीनदा आणि पुढे ‘फ्युएल’ म्हणजे राखीव साठ्याला हात लागणार, वाट मोकळी करा. त्यात ‘कृपया’ नाही, ‘जमलं तर’ नाही.

आपल्या घरांत मुलींना नेमकं हेच ‘जमलं तर’ शिकवलं जातं. मोठ्यांना नाही म्हणायचं तर आडून म्हणायचं. भाचीही तशीच वाढली. म्हणून तिने मागच्या महिन्यात फोनवर सांगितलेली गोष्ट मला तिच्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोठी वाटली. ती सेसना-१७२ वर शिकते. त्या विमानाच्या टाक्या वरच्या पंखांत असतात. काट्यावर विसंबायचं नाही, पायरीवर चढून टाकीत डिपस्टिक घालून बघायचं, तळाचं थोडं इंधन काढून त्यात पाणी नाही ना ते पाहायचं, असा शिरस्ता. एकटीने लांबच्या उड्डाणावर जायच्या दिवशी डिपस्टिक नोंदीपेक्षा कमी दाखवत होती. काटा ठीक होता. मागे दोन विमानं खोळंबली होती आणि एक ज्येष्ठ म्हणत होते, चालतं तेवढं, काटा बघ. ती म्हणाली, ‘‘सर, मी इंधन भरल्याशिवाय जाणार नाही.’’

‘‘मावशी, आवाज कापत होता माझा,’’ तिने सांगितलं. कापू दे. वाक्य पूर्ण होतं. तिच्या वहीत त्या दिवसाची नोंद दोन ओळींची आहे: इंधन भरले, पुन्हा मोजले. ४० मिनिटे उशिरा उड्डाण.