गैरहजर

फ्रांस्वा त्रूफोचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' कॉलेजात असताना पाहिला, तेव्हा मी सगळा आंत्वानच्या बाजूचा होतो. शाळा बुडवायची, पॅरिसभर हुंदडायचं आणि शेवटी सुधारगृहातून पळून थेट समुद्र गाठायचा! परवा पुन्हा पाहिला. आता जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात मास्तरकी करतो. त्यामुळे असेल, पण पळण्यापेक्षा हजेरीपाशीच अडकलो.

काल का आला नाहीस, असं मास्तर विचारतात. आई वारली, आंत्वान ठोकून देतो. मास्तर विरघळतात. खोटं उघडं पडल्यावर बाप भर वर्गात थोबाडीत देतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर बाकं रिकामी होतात, तेव्हा कारण कुणी विचारत नाही. ऊसतोड. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी आजी असली किंवा हंगामी वसतिगृहात सोय लागली तर पोरगं गावात राहतं, नाही तर फडावर. आई-बाप अंधारात तोडीला निघाले की कोपीवर धाकट्याला सांभाळायचं. आंत्वान शाळा बुडवतो, यांची बुडते. 'फँड्री'तल्या जब्याचंही तेच: त्याला शाळेत जायचं असतं, घर कामाला ओढतं. म्हणून जब्याला आंत्वानचा भाऊ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

या खेपेला सुरुवातीची अर्पणपत्रिकाही नीट वाचली. आंद्रे बाझँच्या स्मृतीस. त्रूफोला तर बापानेच पोलिसांच्या हवाली केलं होतं. समीक्षक बाझँने त्याला सोडवलं, लिहितं केलं. 1959 साली, 27 व्या वर्षी, याच सिनेमासाठी त्याला कानचं दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. बाझँ आदल्याच वर्षी गेला होता.

आंत्वानला मात्र त्रूफोने बाझँ दिला नाही. सुधारगृहातल्या मानसशास्त्रज्ञ बाई तेवढ्या प्रश्न विचारतात, त्याही दिसत नाहीत, नुसता आवाज. आंत्वानचं काम करणाऱ्या झाँ-पिएर लेओने ती उत्तरं आपल्याच मनाने दिली आहेत, आणि अख्ख्या सिनेमात त्याच्याइतकं जिवंत काही नाही. पण हे विचारणं किती उशिराचं! सगळं हातचं गेल्यावर, तेही कागद भरण्यासाठी.

कारखान्याचा पट्टा पडला की आमची पोरं परततात. कुठं होतास, हे माहीत असूनही मी विचारतो. मग फडातल्या सापापासून ट्रॅक्टर उलटल्यापर्यंत सगळं निघतं, आणि गणिताचा तास त्यातच जातो.