एप्रिलची छाटणी

द्राक्षाची छाटणी म्हटलं की लोकांना ऑक्टोबरच आठवतो, कारण त्यानंतर द्राक्षं येतात. पण नाशिककडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, आणि माझ्या मते खरा डाव एप्रिलमध्येच ठरतो.

एप्रिलची ती खरड छाटणी. फळ देऊन झालेल्या काड्या ओलांड्यापाशी, एखादा डोळा ठेवून कापून टाकायच्या. बाग तेव्हा बघवत नाही, नुसते खुंट! मग फुटवे येतात, ते विरळायचे. साधारण सात पानांवर शेंडा मारायचा, म्हणजे वरचा जोर बगलफुटीकडे वळतो. तिला सगळे सबकेन म्हणतात. छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांच्या सुमारास काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्याला हवं ऊन. पानांची गर्दी झाली किंवा आभाळ राहिलं, तर त्याच डोळ्यातून घडाऐवजी बाळी निघते. (बाळी म्हणजे वेल ज्याने तारेला धरतो तो तणावा.)

आमच्या धंद्याच्या भाषेत, बग मे-जूनमध्ये शिरतो आणि सापडतो ऑक्टोबरात. फक्त इथे पॅच नाही. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला, ऐन घड धरायच्या दिवसांत. असो.

म्हणूनच जाणते बागायतदार ऑक्टोबरात कात्री उचलण्याआधी चार काड्या प्रयोगशाळेत नेतात. घड कितव्या डोळ्यात आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, आणि कात्री त्याच्या पुढे लागते. घड पाचव्या डोळ्यात आणि काप तिसऱ्यावर, तर वर्षभराचा खर्च काडीसकट बांधावर.