कान झाकले आणि ऐकू आलं

तिसरी ओळ संपल्यावर आत्या श्वास घेते! नाकाने, पटकन, चोरून घेतल्यासारखा. त्याच्या आधी जीभ टाळूवरून सुटल्याचा बारीकसा आवाज येतो आणि तेवढ्यात हातातल्या बांगड्या मनगटाकडून कोपराकडे सरकतात, कारण पुढची टाळी द्यायला हात वर गेलेला असतो. भुलाबाईची ही गाणी मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकत आले आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी तेच गाणं, तीच चाल, शेवटी डब्यातला खाऊ ओळखायची तीच झुंबड. एवढ्या वर्षांत तो श्वास कधी ऐकला नव्हता. तो ऐकला खामगावात, भाच्याच्या गच्चीवरच्या खोलीत, भिंतींवर गोधड्या टांगलेल्या त्याच्या ‘स्टुडिओ’त, कानांवर बंद पाठीचे हेडफोन चढवल्यावर. तेव्हापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये, भाजीबाजारात, शेगावच्या गाडीत, भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

मोबाइलबरोबर येणारे, कानात खुपसायचे इअरफोन सोडले तर मला काही माहीतच नव्हतं. भाचा म्हणाला, “मावशी, हे कानात नाई घालाचं, कानावर चढवाचं. पाह्य, अख्खा कान आत गेला पाह्यजे.” अख्खा कान आत गेला. खाली रस्त्यावरची ऑटोरिक्षा गेली, भोंगा गेला, शेजारच्या घरातला कुकर गेला. गेलं नाही ते एकच, पलीकडच्या कापसाच्या जिनिंगची घरघर. ती थोडी विरळ झाली, पण राहिली. भाच्याने कारण सांगितलं: नुसत्या कुशनने अडतात ते वरच्या पट्टीतले आवाज. खालच्या पट्टीतली घरघर भिंतीलाही जुमानत नाही, तर बोटभर फोमला काय जुमानणार? मग त्याने आत्याचं गाणं लावलं आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं ते इतक्या जोरात की तो दचकला. आपण किती मोठ्याने बोलतो आहोत, हेही या हेडफोनमध्ये कळत नाही.

हे बंद का असतात, तेही मला त्याच दिवशी समजलं. गाणाऱ्याच्या कानात तानपुरा किंवा ठेका वाजत असतो आणि तोंडासमोर माइक असतो. हेडफोन पाठीमागून उघडा, जाळीचा असेल तर तो तानपुरा बाहेर झिरपतो, माइक तो इमानदारीने टिपतो आणि मग गळ्याच्या आवाजाला ती किणकिण कायमची चिकटते. म्हणून कपाची पाठ बंद. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा हेडफोन काढला आणि घरी निवांत ऐकणारे त्यावर फिदा झाले. उघड्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा, समोर पसरल्यासारखा वाटतो म्हणतात. असेल. पण माइकसमोर त्याचं काम नाही. बंद कपालाही बंद असण्याची किंमत मोजावी लागते: पडद्याच्या मागच्या बाजूने निघालेला आवाज बाहेर जाऊ शकत नाही, आतल्या आत आपटतो आणि मूळ आवाजात मिसळतो. मग त्याला फोम लाव, भोक ठेव, कपाचा आकार बदल, असा खटाटोप. प्रत्येक कंपनीचा खटाटोप वेगळा, म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा. हे सगळं आत्याच्या एका गाण्यावर ऐकता येतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही!

भाच्याकडे तीन होते. त्यातला एक मित्राचा, परत न केलेला. पहिला सोनीचा एमडीआर-७५०६. कपावर निळी पट्टी, टेलिफोनसारखी गुंडाळलेली वायर, घडी होऊन पिशवीत बसणारा. हा १९९१ पासून जवळजवळ जसाच्या तसा विकला जातो आहे आणि त्याच्याआधी १९८५ साली आलेला व्ही-६ हा त्याचा सख्खा थोरला भाऊ. ज्या काळात दर दिवाळीला मोबाइल जुना होतो त्या काळात हे ऐकून मला उगीचच अभिमान वाटला, जसा काही तो मीच बनवला. दुसरा जपानच्याच ऑडिओ-टेक्निकाचा एम-५०एक्स, २०१४ चा, सुटी होणारी वायर असलेला. तिसरा जर्मनीतल्या हाइलब्रॉनच्या बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो. हा ऐंशीच्या दशकातला आणि त्याच्या राखाडी मखमली गाद्या पाहून माझा जीव तिथेच गुंतला.

घाईघाईने एक काढून दुसरा लावायला गेले तर भाच्याने हात धरला. तिघांची विजेची भूक सारखी नाही. एम-५०एक्स ३८ ओहमचा, सोनी ६३ चा, डीटी ७७० त्याच्याकडे आहे तो ८० चा. एकाच जागी ठेवलेल्या बटणावर सोनी खणखणीत वाजतो आणि जर्मन बाबा दबकत बोलतो. आणि कान असा लबाड की दोन आवाजांतला मोठा तोच त्याला चांगला वाटतो. म्हणून दर खेपेला भाचा आधी तिन्हींचा आवाज सारख्या उंचीवर आणायचा आणि मगच ‘आता आयक’ म्हणायचा. दुकानात उभ्या उभ्या हेडफोन निवडणाऱ्या लोकांचं मला तेव्हापासून वाईट वाटतं.

तर सोनी. सोनी चुगलखोर आहे! ‘स’ आणि ‘श’ त्याच्यात असे टोकदार येतात की आत्याचे दोन पडलेले दात कुठले, तेही सांगता यावं. तो श्वास, ती जीभ, त्या बांगड्या, सगळं पहिल्यांदा मला सोनीनेच सांगितलं. कुठे कापलं, कुठे जोडलं, कुठे कागद वाजला, कुठे घसा खाकरला, काही लपत नाही. आवाज साफ करणाऱ्याला दुसरं काय हवं? पण गाणं ‘आवडून’ घ्यायला बसलं की तासाभरात ती टोकं बोचू लागतात.

एम-५०एक्स लावला आणि आत्या एकदम सशक्त झाली. छातीतला आवाज भरला, टाळीला वजन आलं. भाच्याने मग एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं, त्यात पखवाज होता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, तिने ती थाप जड आणि खोल होते. एम-५०एक्समध्ये ती थाप पोटात लागते. मी अक्षरशः मान डोलवायला लागले. आणि मग सोनीवर तेच ऐकलं तर थाप आखूड, आटोपशीर, कणीक जरा कमीच लावल्यासारखी. खरं कोणाचं? भाचा हसला. म्हणाला, एम-५०एक्स पदरचं थोडं घालतो. डीटी ७७० वर ऐकलं तेव्हा थाप आणखी खाली, पार जमिनीत उतरली, आणि तिच्यापासून वेगळी, जरा दूर, टाळांची किणकिण उभी राहिली. बंद हेडफोन असून खोली मोठी वाटली! मात्र टाळ त्यातही अणकुचीदार. तीन मंडळींनी एकाच कीर्तनाचं तीन तऱ्हांनी वर्णन करावं तसं. मला आधी वाटलं होतं की महागडा हेडफोन म्हणजे ‘खरा’ आवाज. दहा-पंधरा हजारांच्या घरातले हे तिघे तिघेही खरे आणि तिघेही आपापल्या परीने पदरचं घालणारे!

आता जे सांगणार आहे ते मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि त्यानेच मी सगळ्यात जास्त चक्रावले. डीटी ७७० लावून ऐकत असताना मी सहज चष्मा काढला. पखवाज वाढला! भाच्याने काही केलं नव्हतं. चष्म्याच्या काड्या कानामागे गादीला किंचित उचलून धरतात, तिथून हवा निसटते आणि हवेबरोबर खालचे सूर निसटतात. तो खोल आवाज टिकतो तो कानाभोवती कोंडलेल्या हवेवर. गादी चपखल बसली तर आवाज बसतो, फट राहिली तर पातळ होतो. मग मी वेड्यासारखी सुरूच झाले. कानातल्या कुड्या काढून पाहिल्या: सोनीची गादी पातळ, कुडी थेट कानाच्या पाळीत रुतत होती, ती काढल्यावर दुखणंही थांबलं आणि आवाजही भरला. अंबाडा खाली घेतला, कारण हेडफोनच्या डोक्यावरच्या पट्टीला तो मागे ढकलत होता आणि कप पुढे सरकत होते. तेल लावलेले केस सोडून पाहिले, बांधून पाहिले. म्हणजे आराम वेगळा आणि आवाज वेगळा असं नसतंच मुळी! हेडफोनविषयी बोलताना लोक ‘आवाज छान, फक्त थोडा घट्ट आहे’ म्हणतात. अहो, तो घट्ट आहे म्हणूनच तो आवाज आहे. आणि तो इतका घट्ट असेल की तुम्ही दर पाच मिनिटांनी सैल करता, तर मग तो आवाजही तुमचा नाही.

एम-५०एक्स असा घट्ट आहे. कंपनी वजन २८५ ग्रॅम सांगते, ते काही फार नाही, पण पकड पैलवानाची. नवा असताना जास्तच, असं भाचा म्हणतो. तो रात्री त्याला पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवतो. सोनी २३० ग्रॅमच्या आसपासचा, डोक्यावर आहे हे विसरायला होतं, फक्त कान कपाच्या आतल्या बाजूला टेकतो. डीटी ७७० च्या गाद्या गोल, खोल, मऊ. माझे कान त्यांत असे बसले की उठायला तयार होईनात.

पण हे झालं हिवाळ्यातलं. आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा, असा दोन हवांचा. घाटावर बुलढाण्यात, बहिणीच्या घरी, एप्रिलच्या संध्याकाळीही तिन्ही हेडफोन सोसवले. घाटाखाली खामगावात मे महिन्यात रेकॉर्डिंग म्हणजे पंखा बंद, कूलर बंद, कारण दोन्ही माइकमध्ये येतात. त्या भट्टीत रेक्झिनच्या गाद्या गालाला चिकटतात, घाम कानामागून ओघळतो आणि अशा दोन-तीन उन्हाळ्यांत वरचा पापुद्रा सुटून काळ्या टिकल्या गालभर चिकटायला लागतात. सोनीच्या जुन्या गादीने माझ्या साडीच्या पदरावर नक्षी काढली आहे. मखमलीतून थोडी हवा खेळते, घाम शोषला जातो. मात्र मखमल रेक्झिनइतकी आवाज अडवत नाही आणि तेल-धूळ तिच्यात बसते ती बसतेच. गाद्या बदलून मिळतात, हे बरं. पण सोनीला मखमली गाद्या चढवल्या की सोनीचा आवाज बदलतो. हे वाक्य लिहितानाही मला मजा येते आहे: गादी बदलली की आवाज बदलतो!

आत्यालाच हेडफोन लावून गायला बसवलं तो प्रसंग तर सांगायलाच हवा. तिच्या कानात एम-५०एक्स, त्यात पेटीचा सूर. पहिली ओळ तिने अशी ठोकून दिली की मीटरचा काटा लाल. कान झाकले की स्वतःचा आवाज बाहेरून येत नाही, हाडांतून आतल्या आत घुमतो, आणि माणूस बिचकून ओरडायला लागतो. भाच्याने तिचाच आवाज तिच्या कानात थोडा सोडला. आत्या थांबली, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे तं मीच गाऊन राह्यली ना वं!” शेवटी तिने एका बाजूचा कप कानामागे सरकवला आणि सुरात लागली. मोठमोठे गायकही असंच करतात म्हणे. मग उघड्या राहिलेल्या कपातून पेटी झिरपू नये म्हणून भाच्याने त्या बाजूचा आवाजच बंद केला.

रात्री मी हट्टाने ‘शीळ’ लावायला सांगितलं. कवी आमच्याच जिल्ह्यातले, मेहकरला वकिली केलेले ना. घ. देशपांडे, ज्यांना १९८६ साली ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जी. एन. जोशींनी ही कविता १९३० च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताची गोष्ट सांगताना लोक तिच्यापासून सुरुवात करतात. त्या वेळी माइकसमोर उभं राहायचं, आवाज मेणाच्या जाड तबकडीवर कोरला जायचा, साडेतीन मिनिटांच्या आत सगळं आटपायचं. गायकाच्या कानावर काहीच नाही. बायरचा डीटी ४८, पडदा आणि गुंडाळी यांवर चालणारा पहिला हेडफोन, आला तोच १९३७ साली. सोनीवर लावलं तर तबकडीची खरखर पावसासारखी कोसळली, गाणं तिच्या मागे. भाचा म्हणाला, त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीतलं फारसं काही नसतंच, तिथे असते ती फक्त खरखर, आणि सोनी नेमकं तेच उजळून दाखवतो. एम-५०एक्सवर लावलं. खरखर मागे सरली, गळा पुढे आला, ऊबदार, तरुण. ज्याला मी दिवसभर पदरचं घालणारा म्हणून नावं ठेवली त्यानेच मेहकरच्या कवीचे शब्द माझ्यापर्यंत नीट आणून पोचवले. त्याची मनोमन माफी मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

मला विचाराल तर आवाज साफ करायला सोनी, जुनी गाणी ऐकायला एम-५०एक्स, आणि माझ्यासारख्या चष्मेवाल्या, कुड्या न काढणाऱ्या बाईने दुपारभर बसायचं असेल तर डीटी ७७०. भाच्याला यातला एकच ठेवायचा असता तर त्याने सोनी ठेवला असता. मीही तेच म्हणेन, पण जरा रडत. यंदाच्या भाद्रपदी पौर्णिमेपासून आम्ही जळगाव जामोदकडच्या बायकांची भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करायची ठरवलं आहे. चौघी-पाचजणी एकदम गाणार, हेडफोन तीनच, त्यामुळे भाचा आणखी एखादा मित्र गाठायच्या खटपटीत आहे. आत्याने एम-५०एक्स आधीच स्वतःच्या नावावर करून टाकला आहे. जर्मन मखमल मात्र मी कुणाला देणार नाही, मग बायका काहीही म्हणोत.