रोड टेस्ट ओके

जॉबकार्डवरचे ते तीन शब्द आठवले की अजूनही डोकं फिरतं. डाव्या पुढच्या चाकाशी आवाज येतोय म्हणून मी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली होती आणि कागदावर लिहून मिळालं, ‘रोड टेस्ट ओके’. आम्ही राहतो चिपळूणला. मुंबई-गोवा महामार्गाची वर्षानुवर्षं रेंगाळलेली कामं, डायव्हर्जन, पावसाळ्यानंतरचा कुंभार्ली घाट, हे सगळं त्या गाडीने अंगावर घेतलेलं. ऐंशी हजार किलोमीटर उलटून गेलेले. मधल्या सीटवर सासूबाई, त्यांचा मणका दुखतो. मागे मुलं आणि सामान. गाडी मीच चालवते, त्यामुळे तिचा नेहमीचा आवाज कुठला आणि नवा कुठला, हे मला कळतं.

आवाज मोठ्या खड्ड्यात यायचा नाही. उखडलेल्या डांबरावर, दुसऱ्या गिअरमध्ये, हळू चाललं की खड्‌ खड्‌ खड्‌. शिवाय स्पीडब्रेकर उतरल्यावर नाक एकदा खाली जाऊन गप्प बसायचं, ते आता हेलकावे खायला लागलं होतं.

आता त्यांची रोड टेस्ट कशी झाली ते सांगते. अॅडव्हायझर शेजारी मला बसवून निघाला तो थेट काँक्रीटच्या गुळगुळीत रस्त्यावर. काचा वर, एसी चालू, ब्लोअर जोरात, वेग साठ. त्यात आवाज कसा येणार? मी म्हटलं, “इथून आत गावाचा रस्ता आहे, तिकडे वळवा, दोन मिनिटांत ऐकवते.” तर म्हणे, “मॅडम, पुढच्या गाडीचा टाइम झालाय.” परत आल्यावर बोनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबली, सोडली. गाडी वर येऊन थांबली. “बघा, शॉकअप एकदम ओके.” ही परीक्षा सगळीकडे करतात आणि ती अपुरी आहे. पार मेलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धा गेलेला निसटतो. हाताचा दाब सावकाश असतो, खराब रस्त्याचे हादरे बारीक आणि झटपट असतात.

इथवरही मी सोडून दिलं असतं. पण ज्या गाडीत काहीच नाही म्हणाले, तिच्यासाठी लगेच 38,000 चं एस्टिमेट हातात आलं. स्टीअरिंग असेंब्ली, दोन्ही लोअर आर्म, अलाइनमेंट. टेस्ट ओके, तर मग हे कशासाठी? “स्टीअरिंगमध्ये थोडं वाटतंय.” गाडी लिफ्टवर घ्या, मला खालून दाखवा, म्हटलं. कस्टमरला आत परवानगी नाही. आणि वर, “साहेबांशी बोलू का मी फोनवर?” मी समोर उभी आहे, गाडी माझ्या नावावर आहे, आवाज मी ऐकलाय, आणि हा साहेबांना शोधतोय. पैशांपेक्षा ते लागलं मला. सही न करता गाडी काढली.

गावातल्या गॅरेजवाल्या चाचांनी आधी एसी बंद करायला लावला आणि चारही काचा खाली घेतल्या. “ताई, तुम्हीच चालवा, तुम्हाला येतो तसाच आवाज आणा.” स्वतः डावीकडे मान बाहेर काढून बसले. मग दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड सोडवून तसंच पुन्हा हळूहळू फिरवलं. आवाज कायम, म्हणजे लिंक रॉडचा दोष नाही. पुढे गाडी उभी ठेवून मला स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं आणि त्यांनी स्प्रिंगवर हात ठेवला. स्प्रिंग अडकायची आणि टण्णकन सुटायची. वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलेलं. मग चाक काढून शॉकअपवरचं रबरी धूळकव्हर वर सरकवलं. आत ऑइल गळून धुळीशी कालवलेलं, काळं, चिकट. शेवटी टायर. “डोळ्यांनी बघू नका, हाताने बघा.” आतल्या कडेवरून तळवा फिरवला तर उंच-सखल, उंच-सखल. चाक रस्त्यावर टेकून न राहता नाचत होतं. अशा चाकावर ब्रेकचा काय भरवसा?

आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना असलेली, अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही स्ट्रटची रचना 1940 च्या दशकातली. तिच्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात आणि चाक वळताना तो खांबही वळतो. म्हणून वरचं बेअरिंग गेलं तरी दोष स्टीअरिंगचा वाटतो. हे सर्व्हिस सेंटरमध्ये गाड्या उघडणाऱ्यांना माहीत नसेल?

चाचांनी दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलायचं ठरवलं, एकच नवा टाकला तर गाडी दोन तऱ्हेने वागते. माउंटिंग, बेअरिंग, धूळकव्हर, सगळं नवीन. खालच्या बोल्टच्या जागी रंगाने खुणा केल्या, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपांतून सोडवली. इथवर मी त्यांची भक्त झाले होते. मग स्ट्रट जमिनीवर आडवा ठेवून स्प्रिंग दाबायला दोन गंजके हूक लावले. आटे कोरडे, एक हूक तिरका, आणि पोऱ्या त्याच्यावर तोंड घेऊन पाना फिरवतोय! गाडीचा तो कोपरा तीन-चारशे किलोंचा, आणि दाबलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड जोर कोंडलेला. सुटली तर जबडा फोडेल. मी ओरडले. चाचा चिडले, “इतकी वर्षं असंच करतोय, ताई.” मी बाजारातून हुकांची नवी जोडी आणून दिली तेव्हाच काम पुढे सरकलं. या बाबतीत सर्व्हिस सेंटरच बरं, हे मला कबूल करावं लागतं. तिथे जाळी लावलेलं यंत्र असतं, पोराच्या तोंडासमोर स्प्रिंग नसते.

अलाइनमेंटसकट बिल 13,000 च्या आत आलं. आवाज गेला, सासूबाई कराडपर्यंत निवांत बसल्या. ओळखीचं कोणी विचारलं तर मी चाचांकडेच पाठवते. हूक कसले वापरतात ते आधी बघा आणि तिरके दिसले तर काम थांबवा, एवढं मात्र प्रत्येकाला बजावते.